ओपी नायक दर खंडात वेगळा का वागतो? लाइट नॉव्हेलमधल्या हेतूच्या घोळाचं निदान आणि दुरुस्ती

ओपी, म्हणजे ओव्हरपॉवर्ड, जवळपास कुणालाही भारी पडणाऱ्या नायकाबद्दलची तक्रार साधारण अशी असते. पहिल्या खंडात नायक म्हणतो, मला फक्त निवांत जगायचंय. दुसऱ्या खंडात तो जादूच्या अकादमीत दाखल होतो. तिसऱ्यात स्पर्धेत उतरतो आणि भर मैदानात सगळ्या राज्यासमोर ताकद दाखवून बसतो. पाचव्यात त्याच्या हाताखाली सैन्य असतं. मधे कुठेही त्याचं मन बदलल्याचा प्रसंग नाही. वाचक विचारतात, "याला नक्की हवंय तरी काय?" लेखक त्या प्रसंगापुरतं एक कारण घालतो, पुढचे काही भाग बरे जातात आणि नव्या खंडात तीच तक्रार परत उभी राहते.

लाइट नॉव्हेलच्या, म्हणजे तरुण वाचकांसाठी खंडाखंडाने येणाऱ्या जपानी कादंबऱ्यांच्या, धर्तीवर मालिका लिहिणाऱ्या मंडळींचे कच्चे खर्डे मी वाचते. इसेकाई प्रकारात, म्हणजे नायक दुसऱ्या जगात जातो किंवा जन्मतो अशा कथांत, मला सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष हाच. लढाया चांगल्या लिहिलेल्या असतात, जादूची व्यवस्था नीट रचलेली असते, आणि तरीही नायक हातातून निसटतो.

साध्या नायकाबद्दल ही तक्रार इतकी का येत नाही, ते आधी बघू. त्याच्या बहुतेक कृतींमागे त्याची मर्यादा असते. तो राजाला मारत नाही कारण त्याला ते जमणारच नाही. तो गावातच राहतो कारण घोडा नाही, पैसे नाहीत, वाटेत लांडगे आहेत. 'जमत नाही' हे एक उत्तर निम्मं कथानक परस्पर सांभाळून नेतं आणि लेखकाचं हेतूकडे थोडं दुर्लक्ष झालं तरी खपून जातं. ओपी नायकाला सगळंच जमतं. त्यामुळे त्याने केलेली प्रत्येक गोष्ट ही त्याची निवड ठरते आणि न केलेलीसुद्धा. शहरात गुलामांचा बाजार भरलाय आणि तो तिथून एक मुलगी विकत घेऊन सोडवतो, तेव्हा वाचकाची नजर उरलेल्या पिंजऱ्यांवर जाते. साध्या नायकाने एकीला सोडवलं तर तो शूर. ओपी नायकाने एकीलाच सोडवलं तर बाकीच्यांना का नाही, याचं उत्तर कथेला द्यावंच लागतं.

म्हणून 'नायकाला अजून एक सबळ कारण द्या' हा सल्ला मला पटत नाही. कारणं वाढवली की घोळ वाढतो. तो काय करणार नाही आणि ते न करण्यापायी काय गमावेल, हे ठरेपर्यंत दोष त्याच जागी परत येतो.

तपासणी: तीन रकाने

एक कागद घ्या आणि प्रत्येक मोठ्या प्रसंगासाठी तीन रकाने भरा. नायक काय करू शकला असता. त्याने काय केलं. जे करू शकत होता ते का केलं नाही. पहिले दोन भराभर भरतात. खरी तपासणी तिसऱ्यात आहे.

उदाहरण म्हणून एक नायक घेऊ, नाव रेन. टोकियोतला नोकरदार, कामाच्या ताणाने मेला. दुसऱ्या जगात सीमेवरच्या एका सरदाराचा धाकटा मुलगा म्हणून जन्मला. देवीने सगळ्या क्षमता टोकाला नेऊन दिल्या. त्याला वनौषधींचं छोटं दुकान टाकून शांतपणे जगायचंय, आणि कुणाच्या नजरेत यायचं नाही.

गावावर ड्रॅगन येतो. रेन रात्री गुपचूप जाऊन त्याला संपवू शकत होता. त्याने भर चौकात, लोकांसमोर, एका वारात मारला. का? रकाना रिकामा. अकादमीचं बोलावणं येतं. तो नाही म्हणू शकत होता, पण गेला. का? लेखकाचं उत्तर, राजाचा हुकूम होता. पण ज्याने ड्रॅगन एका वारात पाडला त्याच्यावर राजाचा हुकूम चालतो कसा? पहिल्या खंडातले दरोडेखोर त्याने सोडून दिले, चौथ्या खंडातल्यांना ठार केलं. दोन्ही वेळी परिस्थिती जवळपास तीच. का? रिकामा. मग गुलामांचा बाजार. एकच मुलगी. का? रिकामा.

कधी कधी तिसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहावं लागतं की तसं केलं असतं तर खंड तिथेच संपला असता. ते लेखकाचं कारण आहे, नायकाचं नाही. अशा जागांभोवती लाल गोल करा. अशा दोन-तीन जागा वाचक चालवून घेतो. सगळा कागद लाल झाला असेल तर दोष एखाद्या प्रसंगात नाही, मुळात आहे.

घोळ येतो कुठून

यातला बराचसा भाग लेखकाच्या हलगर्जीपणामुळे येत नाही, लिहिण्याच्या पद्धतीतून येतो. जपानमध्ये 'शोसेत्सुका नी नारो' हे संकेतस्थळ 2004 साली सुरू झालं. तिथे कुणीही कथा भागाभागाने टाकू शकतो. वाचकांनी केलेल्या बुकमार्कांवर आणि दिलेल्या गुणांवर क्रमवारी ठरते आणि वर आलेल्या मालिकांकडे प्रकाशकांचं लक्ष जातं. अशा ठिकाणी पहिल्या काही भागांतच वाचकाला धरून ठेवावं लागतं. त्यामुळे नायकाची इच्छा अशी निवडली जाते की ती चटकन समजावी आणि चटकन पुरी होताना दिसावी. निवांत जगणं, सूड, बढाई मारणाऱ्यांची जिरवणं. दहाव्या-पंधराव्या भागापर्यंत ती इच्छा पुरी होते. मालिका मात्र तीनशे भाग चालायची असते.

मग छापील पुस्तक येतं. प्रत्येक खंडाला स्वतःचा कळस लागतो, म्हणून अकादमी, स्पर्धा, अंधारकोठडी, युद्ध असे ठरलेले टप्पे येतात. प्रत्येक टप्पा स्वतःचा हेतू घेऊन येतो आणि नायक तो अंगात घालतो. अकादमीत त्याला शिकायचं असतं, स्पर्धेत जिंकायचं असतं, युद्धात न्याय हवा असतो. त्याचं स्वतःचं असं काही उरत नाही.

पण माझ्या मते सर्वांत खोल कारण आणखी एक आहे. नायकाची मूळ इच्छा बहुतेक वेळा अशीच असते की ती ताकदीने मिळते. बलवान व्हायचंय, सुरक्षित राहायचंय, कुणी छळू नये. देवीने ताकद दिली त्या क्षणी या सगळ्या इच्छा संपल्या. तिथून पुढे तो काही मागत नाही, म्हणून कथानक त्याला ढकलत राहतं, आणि ढकलल्या जाणाऱ्या माणसाच्या वागण्यात संगती कुठून येणार?

छापील पुस्तकांतून दोन उदाहरणं

'ओव्हरलॉर्ड'चा नायक आइन्झ बहुतेक प्रसंगांत समोरच्याला चिरडू शकतो. त्याच्या गिल्डमध्ये, म्हणजे एका ऑनलाइन खेळातल्या मित्रांच्या गटात, 41 सदस्य होते. तो खेळ बंद पडायच्या रात्री शेवटपर्यंत थांबलेला तो एकटा. नव्या जगात आल्यावर तो गिल्डचंच नाव स्वतःसाठी घेतो, कारण जुन्या मित्रांपैकी कुणी या जगात असेल तर ते नाव त्याच्या कानावर पडावं. मित्र परत येणं हे कुठल्याही मंत्राने होत नाही. ताकदीने न मिळणारी गोष्ट त्याला हवी आहे, त्यामुळे खंडांमागून खंड गेले तरी ती संपत नाही. मित्रांनी खेळासाठी घडवलेली आणि आता जिवंत झालेली पात्रं त्याला त्यांच्या मुलांसारखी वाटतात. त्या घराबाहेरच्यांशी तो अमानुष वागतो. अनेक वाचकांना ते सहन होत नाही आणि त्यांचा राग रास्त आहे. पण 'हा आज असं का वागला' हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण मोजपट्टी एकच आहे: घर आधी.

लेखकाने त्यावर आणखी एक धागा चढवलाय. आइन्झ सहज बोलून जातो आणि त्याचा सेवक डेमियुर्ज त्यातून जग जिंकण्याचा बेत वाचतो. मालकाला जे हवंय आणि सेवकांना त्याला जे हवंय असं वाटतं, यातल्या अंतरावर कथानक चालतं. नायकाच्या तोंडी नवा हेतू न घालता मोठ्या घटना घडवण्याची ही पद्धत अभ्यासण्यासारखी आहे.

हेतू बदलायचाच असेल तर 'स्लाइम' ('दॅट टाइम आय गॉट रीइन्कार्नेटेड अॅज अ स्लाइम') ही मालिका पाहा. 2013 ते 2016 या काळात ही कथा 'नारो'वर क्रमाने येत होती आणि पुस्तकरूपात 2014 पासून. तिच्या नायकाला, रिमुरूला, माणसांशी मिळूनमिसळून राहणारं गाव हवंय. माणसांवर हल्ला करायचा नाही, हा त्याचाच नियम. फाल्मुथ राज्याचे लोक गावात शिरून मारतात आणि त्या नियमामुळे गावकरी पुरेसा प्रतिकार करत नाहीत. त्याची जवळची सहकारी शिओन हिच्यासह अनेकजण मरतात. त्यानंतर तो साधारण 20,000 सैनिकांचं सैन्य एकटा संपवतो. पहिल्या खंडातल्या रिमुरूपासून हे फार दूर आहे. तरी ते तुटक वाटत नाही, कारण त्याचा जुना हेतूच या नाशाला कारण झालाय आणि त्याला ते कळलंय. बदलाची किंमत बदलाच्या आधी मोजली गेली. आपल्या खर्ड्यांत बहुधा बदल आधी होतो आणि दुःखाचा प्रसंग मागाहून चिकटवला जातो.

आणि तसं पाहिलं तर अशा नायकाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. भीष्माला इच्छामरणाचा वर आहे, समोरासमोर त्याला हरवणारा कुणी नाही, आणि तरीही त्याची प्रत्येक कृती एका प्रतिज्ञेने बांधलेली. महत्त्वाचं हे की व्यास त्या प्रतिज्ञेला पुन्हा पुन्हा ताण देतात. जिच्यासाठी प्रतिज्ञा केली ती सत्यवतीच, विचित्रवीर्य गेल्यावर, ती मोडायला सांगते. अंबेपायी गुरू परशुरामांशी लढायची वेळ येते. दोन्ही वेळा मोडणं सोपं होतं. तो मोडत नाही, आणि त्याच्या नकाराची किंमत इतरांना मोजावी लागते, विशेषतः अंबेला. पुढे तीच किंमत शिखंडीच्या रूपाने त्याच्यासमोर उभी राहते. तुमच्या नायकाचा हेतू किती पक्का आहे हे त्याच्या स्वगतातून कळत नाही. त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाला तो हेतू मोडायची विनंती करायला लावा, मग कळेल.

दुरुस्ती: कृतींकडून हेतूकडे

आता रेनकडे परत येऊ. बहुतेक लेखक इथे पहिल्या भागातलं वाक्य, 'मला निवांत जगायचंय', प्रमाण धरतात आणि पुढच्या सगळ्या कृती त्याच्याशी जुळवायला बघतात. मी उलटं करायला सांगते. ते वाक्य बाजूला ठेवा. कागदावर जे घडलंय तेच खरं माना आणि विचारा: हे सगळं करणारा माणूस कोण असेल?

रेन कामाने मेला. का मेला? रात्री अकरा वाजता साहेबाचा फोन आला तरी त्याला नाही म्हणता आलं नाही. जन्म बदलला, ताकद आली, पण ही खोड तशीच राहिली. कुणी मागितलं की त्याला देणं भाग पडतं. एवढं मानून कागद पुन्हा वाचा.

ड्रॅगन भर चौकात का मारला? लोकांनी त्याचं नाव घेऊन हाक मारली, रात्रीपर्यंत थांबणं त्याला झेपलं नाही. अकादमीत का गेला? राजाने हुकूम केला म्हणून नाही, कुणीतरी समोर उभं राहून मागणी केली म्हणून. नजरेत का यायचं नाही? नजरेत आलेल्या माणसाकडे लोक मागायला येतात. पहिल्या दरोडेखोरांनी जीवदान मागितलं, ते सुटले. दुसऱ्या टोळीचा म्होरक्या गुर्मीत गप्प राहिला. आणि बाजारात त्या मुलीने पिंजऱ्यातून हात बाहेर काढून त्याला विनवलं. बाकीचे गप्प होते.

हे शेवटचं उत्तर भीषण आहे. न मागणारा माणूस रेनला दिसतच नाही. मालिकेतला सर्वांत मोठा दोष होता तीच आता तिची सर्वांत धारदार जागा झाली. एकही घटना बदललेली नाही, फक्त नायक स्वतःबद्दल जे सांगतो ते अपुरं आहे हे लेखकाला कळलंय. नायकाने स्वतःबद्दल चुकीचं सांगणं हा दोष नाही. लेखकाने त्यावर विश्वास ठेवणं हा दोष आहे.

असं एक उत्तर मिळालं की ते ताकदीने सुटणारं नाही याची खात्री करा. रेन कितीही बलवान झाला तरी त्याला नाही म्हणता येणार नाही. उलट ताकद जितकी जास्त तितके मागणारे जास्त. इथून पुढे त्याच्या ताकदीचा प्रत्येक टप्पा त्याची अडचण वाढवतो, आणि ओपी नायकाच्या मालिकेला नेमकं हेच हवं असतं.

मग किंमत. ज्या म्हातारीने त्याला वनस्पती ओळखायला शिकवल्या ती तो स्पर्धेत गुंतलेला असताना आजारी पडते. ती त्याला बोलावत नाही, कारण ती मागणाऱ्यांतली नाही. त्याच्याकडे तिला बरं करणारी जादू आहे, पण तो तिथे नाही. एक लक्षात घ्या, मेलेल्याला उठवण्याची जादू तुमच्या जगात स्वस्त असेल तर हा प्रसंग निकामी होतो. तो नियम आधी तपासा.

भाग आधीच प्रसिद्ध झाले असतील तर

पुस्तक छापायच्या वेळी दुरुस्तीची मोठी संधी मिळते आणि जपानी लेखक ती घेतात. 'ओव्हरलॉर्ड'च्या वेब आवृत्तीत आइन्झची प्रमुख सेविका आल्बेडो नव्हतीच. छापील आवृत्तीत ती आली आणि आइन्झच्या भोवतीचे ताण बदलले. पण प्रतिलिपीसारख्या ठिकाणी मराठीत मालिका लिहिणाऱ्याला ती सोय बहुधा नसते. जुना भाग सुधारता येतो, पण सातवा भाग वाचून पुढे गेलेला वाचक मागे येत नाही. त्यामुळे दुरुस्ती पुढच्या भागातच करावी लागते.

त्यासाठी कथेतल्याच कुणाला तरी ती विसंगती दिसू द्या. सोडवलेल्या मुलीलाच रेनला विचारू द्या: "मी हाक मारली नसती तर तुम्ही थांबला असता का?" रेनने लगेच समजूतदार उत्तर देऊ नये. त्याला ते कळायला अर्धा खंड लागू द्या. आणि कळल्यावर त्याच खंडात त्याच्याकडून अशी एक कृती व्हायला हवी जी आधीचा रेन करू शकला नसता. राजाला तोंडावर नकार, किंवा कुणी न बोलावता त्या बाजारात परत जाणं. नुसती जाणीव झाली आणि वागणं तेच राहिलं तर वाचक दुसऱ्यांदा माफ करत नाहीत.

काही मलमपट्ट्या मात्र टाळाच. सहाव्या खंडात अचानक उघड होणारं पूर्वजन्मातलं दुःख, ज्याची आधी एकही खूण नव्हती. शापित तलवारीने किंवा दुसऱ्या व्यक्तिमत्त्वाने करवून घेतलेली कृत्यं. 'हे सगळं मी पहिल्यापासून ठरवलं होतं' असा खुलासा. त्याने आधीच्या खंडांतला प्रत्येक प्रामाणिक क्षण खोटा ठरतो. आणि देवीची आज्ञा. ही वरवर निरुपद्रवी वाटते, पण तिने हेतू नायकाच्या बाहेर नेऊन ठेवला जातो आणि तुम्ही परत ढकलल्या जाणाऱ्या नायकापाशी येता.

निव्वळ विनोदी मालिकेला यातलं बरंच लागू नाही. तिथे बोलणं आणि वागणं यातली दरी हाच गमतीचा भाग असतो. फक्त तीच मालिका पुढे गंभीर व्हायला लागली तर हा कागद त्याच्या आधी भरा.

दुरुस्ती टिकली का?

मालिका न वाचलेल्या दोघांना पहिला आणि चौथा खंड वाचायला द्या. मग पुढच्या खंडातला एक प्रसंग फक्त सांगा, निकाल सांगू नका, आणि विचारा की नायक काय निवडेल. तो जिंकेल का, हे विचारू नका. ते सगळ्यांना माहीत असतं. दोघांचे अंदाज जवळपास जुळले आणि तुमच्या लिहिलेल्या भागाशीही जुळले तर हेतू कागदावर उतरलाय. दोघांचं एकमेकांशी जुळलं पण तुमच्याशी नाही, तर नवा भाग पुन्हा लिहा, कारण वाचकांना तुमचा नायक तुमच्यापेक्षा जास्त कळलाय. दोघांचे अंदाज दोन टोकांना असतील तर काम अजून बाकी आहे.

आणि इतकं करूनही तिसरा रकाना भरत नसेल तर ताकद कमी करायची वेळ आलीय. इथे बरेच लेखक घाबरतात, कारण ओपी नायक हेच तर मालिकेचं आकर्षण. पण कमी करायची ती ताकदीची पोच. वार तोच राहू द्या. त्याला दोन ठिकाणी एकाच वेळी असता येऊ नये, दूरची बातमी आपोआप कळू नये, जखम भरता आली तरी गेलेला विश्वास भरता येऊ नये. एका वारात ड्रॅगन पाडणारा माणूस तीन दिवसांच्या वाटेवर असला तरी पुरतं. त्या तीन दिवसांत कुठल्या गावाकडे आधी जायचं, हे त्याला ठरवावं लागेल, आणि तिसऱ्या रकान्यात लिहायला काहीतरी मिळेल.